कुंडीतले मासे

सोसायटीत डासांसाठी औषधाची धूरफवारणी नको, हे मंदाकिनीनेच सगळ्यांना पटवलं होतं. तिच्या नातीला दमा होता. "पाणी साठू देऊ नका. जिथे साठवावंच लागतं तिथे गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात," असं ती घरोघरी सांगून आली होती.

गच्चीवरच्या तिच्या कमळाच्या कुंडीतले मासे मात्र गेल्या महिन्यात मेले, आणि नवे आणायचे राहूनच गेले.

आज दुपारी खालच्या मजल्यावरची रुक्साना आली. तिचा नवरा डेंग्यूने दवाखान्यात होता. "काकू, थोडे मासे द्याल? मोरीतल्या पिंपात सोडते. आमच्याच पाण्यात डास झाले असणार."

मंदाकिनीला गप्प बसता आलं असतं. ती रुक्सानाला गच्चीवर घेऊन गेली. कुंडीच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"तुझ्या पिंपाला दोष देऊ नकोस," ती खालमानेने म्हणाली. "मासे केव्हाच मेले. आज आणते, उद्या आणते, म्हणत राहिले मी."

रुक्सानाने ओढणी कमरेला खोचली आणि कुंडीची एक कड धरली.

"धरा तिकडून. उन्हात ओतू," ती म्हणाली. मंदाकिनीकडे मात्र तिने पाहिलं नाही.