समुद्राकडची खोली

“समुद्राकडची खोली मिळणार नाही म्हणतात,” नवरा पत्र उलटसुलट करून बघत म्हणाला. “जिन्याजवळची मिळेल.”

धाकटीनं दप्तर होतं तिथंच टाकलं. “मग मी येणारच नाही! खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी!”

“रहा उपाशी. आम्ही जिन्याजवळ झोपू,” थोरली म्हणाली.

सहलीचा सगळा कारभार थोरलीनं अंगावर घेतला होता. कुणीतरी विसरून गेलेली एक माहितीपुस्तिका तिच्या हाती लागली, आणि त्या दिवसापासून बाई जमिनीवर नव्हत्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन दिवसांचा बेत आखून झाला होता. पहिल्या दिवशी किल्ला आणि तोफा, दुसऱ्या दिवशी जुनं दीपगृह आणि बंदराची कोरीव वेस. शरदात गर्दी ओसरते, खोल्यांचे दर निम्म्यावर येतात, म्हणून त्यातलाच शेवटचा आठवडा धरलेला. ठिकाण जवळच, त्यामुळे प्रवासखर्च किरकोळ. सगळं जमत आलं होतं. घोडं अडलं होतं ते खोलीपाशी.

मुलींची आई कपबश्या पुसत राहिली. तिला वाईट वाटलं होतं, पण ते दाखवायची तिला सवय नव्हती.

चौदा वर्षं ती एकाच स्वयंपाकघरात नाश्ता बनवत आली होती. पहाटे पाचला शेगडी पेटायची, साडेआठला शेवटचं ताट धुऊन व्हायचं. तिच्या हातचं खाणारी माणसं सगळी फिरस्ती. किल्ल्यापलीकडे सूर्य पाण्यातून कसा वर येतो, बुरूज आधी काळा आणि मग तांबूस कसा होतो, हे ती माणसं घास घेता घेता सांगायची. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तर सांगताना पाणी आलं होतं. तिनं त्याला आणखी अर्धा कप चहा दिला होता. ऐकून ऐकून तो सूर्योदय तिला पाठ झाला होता, पाहिला मात्र एकदाही नव्हता. लग्न झालं त्याच वर्षी नवऱ्यानं शब्द दिला होता, दाखवीन म्हणून. पण रोज पहाटे कुणाला ना कुणाला भूक लागायचीच.

“बाबा, तुम्ही तोंडीच विचारा ना!” धाकटी म्हणाली.

“छे! मालकीणबाईंकडे तोंडी आरक्षण चालत नाही. लेखी मागणी, लेखी उत्तर. मंत्री आला तरी आधी पत्र. चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे त्यांचा.”

“पण का नाही म्हणतात?”

“ती खोली जुन्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतात. दगडाला पाझर फुटेल एकवेळ, पण त्या नियम मोडायच्या नाहीत.”

“मग मी लिहिते,” मुलींची आई म्हणाली.

तिघांनाही ते खरं वाटेना. वाणसामानाच्या यादीपलीकडे तिनं गेल्या कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. तिनं चार कागद फाडले आणि पाचव्यावर लिहिलं:

“आदरणीय मालकीणबाई, चौदा वर्षं मी दुसऱ्यांना चहा देता देता तो सूर्योदय ऐकला. एकदा दुसऱ्या कुणी केलेला चहा हातात घेऊन तो बघावा असं मनात आहे. दोन दिवस नाही, एकच सकाळ ती खोली दिलीत तरी पुरे. कळावे.”

पत्र पेटीत पडलं आणि तिचा धीर सुटला. उगाच लिहिलं, मालकीणबाई काय म्हणतील, असं तिनं नवऱ्याला दिवसातून दहादा विचारलं. चौथ्या दिवशी पोस्टमननं उत्तर आणून दिलं. टपोरं, ताठ अक्षर बघून तिनं ते न उघडताच थोरलीच्या हाती दिलं. थोरलीनं मोठ्यानं वाचलं:

“समुद्राकडची खोली दोन्ही रात्री दिली आहे. ओले कपडे कठड्यावर घालू नयेत. स्वयंपाकाची बाई रजेवर असल्यामुळे नाश्ता मी स्वतः करीन. उशिरा उठलात तरी चालेल, पण सूर्य थांबणार नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून मुलींची आई हसत सुटली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. धाकटीनं पलंगावर नाच केला. नवऱ्यानं तिला दोनदा खाली उतरवलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच हातपाय हलवले.

ठरलेल्या शनिवारी चौघं इस्त्रीच्या कपड्यांत बाहेर पडली. बसशिवाय सहल ती कसली, हे धाकटीचं म्हणणं, म्हणून बस धरली. कंडक्टर त्यांच्या सामानाकडे बघून तोंडभर हसला. किल्ल्याच्या थांब्यावर उतरून, खाऱ्या वाऱ्यात केस सावरत, मुलींची आई दगडी गल्ली चढून गेली. ती घाबरली होती आणि तितकीच आनंदात होती. मोठ्या दाराची घंटा कोण वाजवणार यावरून मुलींचं भांडण झालं. शेवटी दोघींनी मिळून वाजवली.

मालकीणबाईंनी दार उघडलं. पांढरा अंबाडा, नाकावर चष्मा, हातात नोंदवही. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

“पत्र आणलंय?”

नवऱ्यानं पत्र पुढं केलं. त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं.

“माणसं किती?”

“चार.”

“मुक्काम?”

“दोन रात्री.”

बाईंनी सावकाश लिहून घेतलं. पुढच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. चष्म्यावरून त्यांनी चौघांना नीट निरखलं.

“कुठून आलात?”

थोरलीनं तोंडावर हात दाबून धरला.

“याच घराच्या मागच्या दोन खोल्यांतून, आई,” नवरा म्हणाला.