अप्पांचा प्रिंटर

“लिनक्सवर कुठला प्रिंटर चालंल?”

तीन वर्षांनी अप्पांचा फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं. मोनिका सोलापूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. असले प्रश्न तिला दिवसातून दहा जण विचारत. तिनं त्याच आवाजात विचारलं, “महिन्याला किती पानं काढता?”

“वीस-पंचवीस. लोकांचे अर्ज असतेत.”

“मग शाईचा नको. वापर नसला की शाई वाळते. लेझर बघा, नुसता काळा. आणि ड्रायव्हरचं वेगळं सॉफ्टवेअर न टाकता चालतो का, ते विचारून घ्या.”

“बरं. ठिवतो.”

फोन ठेवल्यावर तिला राग आला नाही. रडूही आलं नाही. आत कुठंच काही हललं नाही.

अप्पा म्हणजे तिचे वडील, बिराप्पा मास्तर, अणदूरच्या शाळेतून रिटायर झालेले. घरातला जुना कॉम्प्युटर कुथायला लागला तेव्हा मोनिकानंच त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं होतं. पुढं तिचं लग्न झालं, नळदुर्गला. नवऱ्याचा मार खाऊन ती दोनदा माहेरी आली. दुसऱ्या वेळी अप्पांनी तिला तिसऱ्याच दिवशी गाडीवर बसवलं आणि सासरच्या दारात नेऊन सोडलं. “संसारात व्हतंय असं,” म्हणाले आणि गाडी वळवली. गाडी दिसेनाशी झाली तशी मोनिका हायवेवर आली आणि तिनं सोलापूरची एसटी धरली. तेव्हापासून ती फक्त आईशी बोलायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पुन्हा फोन. अप्पांनी एका प्रिंटरचा मॉडेल नंबर एकेक आकडा सुटा करून वाचला. तिनं शोधून सांगितलं, “ह्याचा ड्रायव्हर आपल्याला मिळत नाही.” पुढच्या दिवशी दुसरा नंबर. मग तिसरा. वायफायचा घ्यावा का वायरीचा? आठ दिवस, सहा वाजले की फोन. प्रिंटर सोडून एक शब्द नाही. ती उत्तर द्यायची आणि पुढच्या कामाला लागायची.

नवव्या दिवशी दुपारी तिनं आईला फोन लावला.

“अप्पांना म्हणावं, मी सांगितलेला घेऊन टाका एकदाचा. किती दुकानं हिंडणार?”

“काय घ्यायचंय?” सिताबाईंनी विचारलं.

“प्रिंटर.”

“अगं, प्रिंटर तर दसऱ्यालाच आणलाय की. चांगला छापतोय.” मग त्या जरा थांबल्या. “आठ दिवस झालं, रोज नळदुर्गला जातेत. दुकानातल्या खोक्यांवरचे नंबर वहीत उतरून आणतेत. कशाला म्हणलं, तर बोलत न्हाईत. तुला फोन करतेत व्हय गं?”

मोनिकानं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी सहा वाजले, फोन आला नाही. आईनं त्यांना विचारलं असणार. सव्वासहा झाले. लॅब बंद करायची होती, पण ती कुलूप हातात धरून तशीच बसून राहिली. आपण वाट बघतोय, हे तिला उशिरा कळलं. साडेसहाला तिनंच नंबर लावला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

“अप्पा,” ती म्हणाली, “उद्यापासनं स्कॅनरचे नंबर आणा.”