शकुबाईची साक्ष

नत्थूजींचं हृदय कमजोर झालं होतं, पायांवर सूज होती. तरी दवाखान्यातली खाट रिकामी हवी म्हणून डॉक्टरनं त्यांना घरी पाठवलं. गोळ्या कशा घ्यायच्या, मीठ किती खायचं, काहीच सांगितलं नाही. आठवड्यातच ते गेले.

२००६ साली दवाखान्यातून घरी पाठवलेल्या अशा हृदयरुग्णांची पुढे काय काळजी घेतली जाते, याची देशभर तपासणी निघाली. दिल्लीचे साहेब नत्थूजींच्या गावी, रोहण्याला, येणार हे कळताच डॉक्टर आदल्या दिवशीच नत्थूजींच्या बायकोकडे, शकुबाईकडे, हात जोडत आला.

"काकू, उद्या चांगलंच सांगा."

"सांगतो नं," शकुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती साऱ्या गावासमोर बोलली. "लय देवमानूस आहे जी! दर सोमवारी गावात येते, घरोघरी जाऊन हृदयाच्या पेशंटचं वजन करते, सूज पाहते, औषध समजावून देते."

साहेब खूश झाले. "वा! पुढच्या सोमवारपासून आमचा माणूसही यांच्यासोबत फिरेल."

डॉक्टरला मान हलवावीच लागली. साहेबांची जीप गेल्यावर तो दात-ओठ खात म्हणाला, "काकू, हे काय बोललात तुम्ही?"



"माहा मानूस काई आता वापस येत नाई, साहेब. तुम्ही मात्र दर सोमवारी येजा."