पूररेषेच्या आत

सीना नदीची पूररेषा नदीकडे आत सरकवायची आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत घरांच्या इमारती बांधू द्यायच्या का, यावर नगरमध्ये सुनावणी होती. नदीसाठी धडपडणारी कार्यकर्ती संस्कृती भिंगारहून बनाबाईंना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली होती. बनाबाईंचं नदीकाठचं घर पुरात गेलं होतं, आणि घराबरोबर नवराही. बांधकाम का नको, हे त्यांच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नाव पुकारलं तशा बनाबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा बोलू लागल्या.

"पानी घरात शिरलं तवा आमी पत्र्यावर चढलो. मालकांचा हात माझ्या हातात हुता. मंग सुटला. पार खाली पुलापाशी घावले."

संस्कृतीने डोळे पुसले. साहेबांचाही आवाज खाली आला.

"म्हणजे आजी, तिथं परत घरं नकोत, असंच तुमचं म्हणणं ना?"

"न्हाई साहेब, बांधू द्या. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून माझा ल्योक सम्यक थकला. लेकरं मोठी व्हायला लागलीत त्याची. सावेडीत चौकशी केली, तिकडं भिंगारात केली. नदीकाठाबिगर त्याला कुठंच घर परवडंना."

बोलणं संपलं असं वाटून संस्कृती त्यांना खाली बसवायला पुढे झाली. बनाबाई तिचा हात धरून बसता बसता म्हणाल्या,



"मजला तेवढा वरचा घेऊ."