सातवी जागा

तंबू अकरा. होड्या दोन. लाइफ जॅकेट एकोणीस, त्यांतल्या सातांची बकलं तुटलेली. कुत्री तीन, मांजर एकही नाही. जिज्ञासाने वहीत नोंद केली आणि खाली रेघ ओढली.

बदलापूरच्या पुढे, डोंगराआडच्या एका धरणाच्या काठावर पालेगावच्या हेमंतदादांनी हे तंबू टाकले, त्याला दोन वर्षं झाली होती. आता पाहुण्यांसाठी ‘काय पाहाल, काय कराल’ असा फलक लावायचा होता आणि त्याचा मजकूर जिज्ञासाने लिहायचा होता.

“तू सायन्सवाली ना? मग खरं तेवढंच लिही,” ते म्हणाले होते. “लोक रिव्ह्यूमध्ये धुतात.”

सूर्यास्ताचा खडक तिने पाहिला. पाणकावळ्यांच्या झाडावर एकतीस पाणकावळे मोजले. सहा जागा तपासून झाल्या. सातवी होती बुडालेली विहीर.

ती दाखवायचा तो देऊ. साठी ओलांडलेला हा नावाडी. धरण भरलं तेव्हा त्याचा पाडा पाण्याखाली गेला. पहिल्या वर्षी हेमंतदादाच त्याला म्हणाले, “तुमचा पाडा इथंच होता ना? दाखव की पाहुण्यांना काहीतरी.” तेव्हापासून तो होडी एका ठरावीक जागी थांबवून सांगे, “ही आमची विहीर.” लोक नाणी टाकत, व्हिडिओ काढत.

जिज्ञासा त्याच्यासोबत दोनदा जाऊन आली. ती जागा काठापासून सरळ रेषेत सहाशे मीटर होती, पण देऊ मोठा वळसा घेई. वळशावर तो चपला काढून ठेवी आणि गप्प वल्हवत राही.

“सरळ का नाही जात, दादा?”

“मधी झाडांची खोडं हायेत, ताई. होडी अडकंल.”

तिने वहीत लिहिलं: वळसा. फेरी मोठी वाटावी म्हणून?

शनिवारी सकाळी ती चुलीपाशी चहाला गेली. देऊची बायको येसू भाकऱ्या थापत होती. शेवटच्या गोळ्याची तिने तळहाताहून लहान भाकरी केली आणि पळसाच्या पानात गुंडाळली.

“ही कुणाची, मावशी?”

“चिमीची.”

“मांजर आहे का? मला दिसलं नाही.”

“ती हिकडं येत नाय,” येसू म्हणाली आणि पुडी देऊच्या हातात दिली.

त्या दिवशी होडीत पाच पाहुणे होते. जिज्ञासाने बरोबर दोरी घेतली होती. शहरात कॅम्प पाच नावाच्या वस्तीत तिच्या वडिलांचं पडद्यांचं दुकान, तिथली ही नायलॉनची दोरी. दर दहा सेंटिमीटरला खूण, टोकाला स्वयंपाकघरातलं किलोचं वजन.

“हीच जागा ना, दादा?”

“हीच.”

वजन तळाला टेकलं. चार मीटर वीस. तिने पुढून मोजलं, मागून मोजलं, होडी हलवून दोन्ही अंगांना मोजलं. कुठेही चार मीटर तीसच्या पुढे दोरी गेली नाही.

“इथे विहीर नाही,” ती म्हणाली. “सपाट आहे सगळं.”

पाहुण्यांतला अल्पेश, शहरातल्याच कॅम्प एकहून आलेला, हसत सुटला. “क्या चाचा, पूरा फेंक रहे थे? मी तर दहाचं नाणं टाकून नवससुद्धा बोललो यार! आता तो कोण पुरा करणार, मासे?”

सगळे हसले. देऊ वल्ह्याच्या मुठीकडे बघत होता.

“खोटं होतं ना, दादा?” तिने विचारलं. पाच जणांसमोर विचारलं.

“व्हय,” देऊ म्हणाला. “खोटं बोललो.”

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. तिने दोरी गुंडाळायला घेतली. हे ती त्याला एकट्याला गाठूनही विचारू शकली असती.

काठावर हेमंतदादांना पाहुण्यांच्या फोनवरून सगळं आधीच कळलं होतं. “लाज काढलीस माझी, देऊ! उद्यापासून वल्ह्याला हात लावायचा नाही. लाकडं फोड.”

देऊने खाली बघत मान डोलावली.

“आणि जिज्ञासा, फलकावर सातव्या नंबरला पोहायची जागा टाक. उद्या सरळ जाऊ, मध्ये थांबू. तिथली खोली मोजून दे.”

तेव्हा कुठे देऊने वर पाहिलं. “तिथं नको, शेठ. खोडं हायेत.”

“तुझं आता कोण ऐकणार?”

दुपारी येसूने जिज्ञासाला नेहमीसारखं आधी वाढलं. तिच्याने दोन घासांच्या वर जेववलं नाही.

“मावशी, माझं चुकलं. सगळ्यांसमोर नको होतं विचारायला.”

“तुमचं काय चुकलं? खोटं तं तो बोललाच.” येसूने तिच्या ताटात आणखी आमटी ओतली.

रविवारी सकाळी ती होडीकडे निघाली तेव्हा येसू मागून धावत आली. हातात पानाची पुडी होती.

“ताई, रोज तो एकलाच जाऊन सोडतो, आज त्याला होडी नाय. तुमी चाललाय तं येवढी चिमीची भाकर न्या. ह्या ताडाच्या सरळ रेषेत, समोर डोंगराचा सुळका आला का पान्यात सोडा. टाकू नका, हातानं सोडा.”

“चिमी म्हणजे...”

“आमची पोर,” येसू म्हणाली. “चार वर्सांची व्हती.” आणि ती चुलीकडे वळली.

हेमंतदादांनी होडी सरळ नेली. काठावर देऊने कुऱ्हाड खाली ठेवली. तो अनवाणी उभा होता.

जिज्ञासाने वाटेत दोनदा दोरी सोडली. चार मीटर वीस. चार मीटर तीस. खोड एकही लागलं नाही.

समोर सुळका आला.

“बास, इथेच,” हेमंतदादा वल्हं आत घेत म्हणाले. “पोरं मस्त उड्या मारतील. बघ किती आहे.”

पुडी मांडीवर ठेवून तिने वजन पाण्यात सोडलं. चार मीटरची खूण गेली. पाचची गेली. आठची गेली. दोरी बोटांतून सरकत राहिली.

बारा मीटर, सत्तर सेंटिमीटर.