नखावरची धार

मे महिन्यातल्या भर दुपारी परभणीच्या मैदानावर न वितळणारा बर्फ चकाकत होता. आईस हॉकीच्या अंतिम सामन्याचं मध्यंतर होतं. परभणी दोन गोलांनी मागे होती. कर्णधार कस्तुरी घुगेनं आपले स्केट धार लावणाऱ्या जैनबी शिकलगारांसमोर ठेवले.

“चाची, वळताना पाय सटकतोय.”

“धार लावायच्या यंत्रानं तर ती अचूक दाखवलीय,” संघाचे व्यवस्थापक मुळे म्हणाले.

“यंत्र थंड मुलखातलं आहे, साहेब. तिथला बर्फ पात्याखाली ओला होतो. आपला कोरडा ठणठणीत. त्यात पातं रुतायला पाहिजे.”

जैनबींनी गोल दगडानं पात्यांच्या तळाची खोबण खोल केली आणि कडा अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली. नखाचा बारीक भुगा निघाला.

“जा आता. विळ्यासारखी वळ.”

कस्तुरी वळली आणि पातं रुतलं. शेवटच्या मिनिटाला परभणी तीन-दोननं जिंकली.

मुळे धावत आले. “चाची, यंत्रात कोणता आकडा टाकू?”

जैनबींनी अंगठा वर केला. “हे नख मावतंय का बघा त्यात.”