कोपऱ्यावरची नाडी

हेरपटाचा शेवटचा खेळ संपला, तेव्हा थिएटरात दोनच माणसं उरली होती. मागच्या रांगेत तोंड लपवून बसलेला सिनेमाचा नवखा नायक, आणि पुढे एक म्हातारा. या सिनेमाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यामुळे दिवे लागल्यावर म्हातारा सरळ आपल्याकडेच येतोय म्हटल्यावर नायक सावरून बसला.

"तूच ना रे तो? चांगलं केलंस काम." म्हातारा शेजारच्या खुर्चीत टेकला. "तुझा हेर स्वतःच्या दारापुढून तसाच पुढे जातो, कोपऱ्यावर बुटाची नाडी बांधतो, मग मागे फिरून घरात शिरतो. हे दिग्दर्शकाने शिकवलं?"

नायकाची कळी खुलली. इतकं बारकाईने कुणी पाहिलंच नव्हतं. "छे हो काका. ही आमच्या बाबांची लकब. आई म्हणते, यांना स्वतःचं घर सापडत नाही."

"अजून करतात तसं?"

"रोज. पायात चप्पल असली तरी कोपऱ्यावर वाकतात. इथे मागच्याच गल्लीत राहतो आम्ही. चला ना, भेटवतो."

म्हातारा उठला नाही. पडदा कोरा झाला होता, तरी तो तिकडेच बघत होता.

"मागावर कुणी आहे का हे बघण्यासाठी दारापुढून तसंच पुढे जायला आम्हा सगळ्यांनाच शिकवलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण चपलेची नाडी बांधणारा एकच होता. तो मेला असं कळलं, म्हणून आम्ही त्याला शोधायचं थांबवलं होतं."